भोंग्यासाठी कंटाळवाणा अध्याय

धाकट्याचं घोडं अडायचं ते नेहमी एकाच जागी. "मला माहीत आहे" असं म्हणायची वेळ आली, की ते त्याच्या तोंडून निघायचंच नाही.

शब्द तसे साधे. इतर माणसं ते येताजाता म्हणतात आणि विसरून जातात. पण धाकट्याचं कामच ते होतं. तो आणि त्याचा जोडीदार थोरला, दोघं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. घर, कॉलेज, मित्र सगळं दोन वर्षांसाठी मागे ठेवून परक्या शहरात यायचं, पांढरा शर्ट आणि टाय घालून दिवसभर लोकांची दारं वाजवायची, आणि दार उघडणाऱ्याला सांगायचं, की आमच्याजवळ एक ग्रंथ आहे आणि तो खरा आहे हे मला माहीत आहे. 'वाटतं' नाही, 'माहीत आहे'. छातीवर काळी पट्टी, पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत 'एल्डर', म्हणजे ज्येष्ठ. या दोन ज्येष्ठांपैकी एकाला दाढीचं ब्लेड महिनोन्महिने पुरायचं, आणि दुसऱ्याच्या आईनं त्याचे मोजे हरवू नयेत म्हणून प्रत्येक मोज्याला आतून लाल दोरा घालून दिला होता. लाल दोरेवाला म्हणजे धाकटा.

थोरला वयानं थोरला नव्हता, तो आधी आला होता एवढंच. पण त्याला सगळं माहीत असायचं. ही गल्ली मुख्य रस्त्याला निघते हे त्याला माहीत असायचं, आणि दोघं एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात, ओल्या चादरींमध्ये जाऊन उभे राहायचे. बस आता येईल हे त्याला माहीत असायचं, आणि ते चालत घरी यायचे. पण त्याची श्रद्धा कशी, तर खिळा ठोकल्यासारखी. गल्ली चुकली म्हणून ती हलत नसे.

त्या दिवशी दार उघडलं ते अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावलेल्या एका गृहस्थानं.

"मला माहीत आहे," थोरला छातीवर हात ठेवून म्हणाला, "की हा ग्रंथ खरा आहे." आणि त्यानं धाकट्याकडे पाहिलं. आता धाकट्याची पाळी.

"मलाही," धाकटा म्हणाला, "म्हणजे, नाकारता येणार नाही अशी एक शक्यता वाटते."

फेसवाल्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही आधी आपसात ठरवा," तो म्हणाला, "मग या." दार बंद.

रस्त्यावर येताच थोरला म्हणाला, "शक्यता? तू काय हवामान खातं आहेस?"

"मग काय म्हणू? मला खरंच माहीत नाही."

"म्हणत राहा. म्हणता म्हणता माहीत होतं."

इथेच तर गोम होती. धाकट्याचे बाबा फ्रीज दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या हाताखाली तो लहानाचा मोठा झाला होता. फ्रीज उघडून, गॅस भरून, मागची जाळी पुसून झाली, की गिऱ्हाईक विचारायचं, "झाला का हो?" बाबा स्टुलावर बसून राहायचे आणि म्हणायचे, "बर्फ धरला की सांगतो." लोक वैतागायचे. चहा देऊन वाटेला लावायला बघायचे. बाबा हलायचे नाहीत. घरात भक्ती सगळी आईची. बाबा दर रविवारी तिला चर्चपर्यंत गाडीनं सोडायचे आणि बाहेर गाडीत रेडिओ ऐकत बसायचे. धाकटा मिशनवर, म्हणजे या दोन वर्षांच्या प्रचाराला, निघाला तेव्हा आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. बाबांनी फक्त त्याची बॅग उचलून पाहिली आणि म्हणाले, "तिकडे जाऊन खोटं बोलू नकोस. बर्फ धरल्याशिवाय झाला म्हणायचं नाही."

आणि बर्फ काही धरत नव्हता. ग्रंथ तो लहानपणापासून वाचत आला होता, दात घासावेत तसा. डोळे ओळींवरून जायचे, पान उलटायचं, आई खूश व्हायची. आत काय लिहिलंय असं कोणी विचारलं असतं, तर सांगता आलं असतं. पण त्याचा तुझ्याशी काय संबंध, असं विचारलं असतं, तर पंचाईत.

शेवटी त्यानं धीर केला. मिशनचे अध्यक्ष अधूनमधून सगळ्या प्रचारकांना भेटायला यायचे आणि एकेकाला आत बोलवून विचारपूस करायचे. हे अध्यक्ष पूर्वी दातांचे डॉक्टर होते. समोरचा बोलायला लागला, की त्यांची नजर आपोआप त्याच्या दाढांकडे जायची, त्यामुळे अर्धे प्रचारक त्यांच्याशी ओठ मिटूनच बोलायचे.

"सर, मला घरी जायचंय," धाकटा म्हणाला.

"आजारी आहेस?"

"नाही. मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तेच. जे माहीत आहे असं मी दारोदार सांगत फिरतो, ते."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. रागावले नाहीत. किडलेली दाढ लगेच उपटायची की थोडं थांबून बघायचं, याचा विचार करणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. "असं कर," ते म्हणाले, "मी पुढच्या खेपेला येईन, तेव्हा हेच विचारीन. तोवर रोज वाच. नुसते डोळे फिरवू नकोस, मोठ्यानं वाच. तेव्हाही हेच उत्तर असलं तर तिकीट मी काढून देईन. आणि तुझ्या आईशी मी बोलेन."

हे शेवटचं वाक्य ऐकून धाकट्याला भडभडून आलं. नरकाची त्याला तितकीशी भीती नव्हती, आईला फोन कोण करणार याची होती.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्या खोलीत मोठ्यानं वाचन सुरू झालं. टेबल भिंतीला लावलेलं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. थोरला वाचायचा तो सभा गाजवल्यासारखा. धाकटा वाचायचा तो औषधाच्या बाटलीबरोबर येणारा कागद वाचावा तसा, एका सुरात, स्वल्पविरामाला श्वास घेऊन. असं बरेच दिवस चाललं. मग थोरल्याचा घसा बसला आणि दोघं मनातल्या मनात वाचू लागले.

दुसऱ्याच सकाळी दार दणदण वाजलं.

दोघंही दचकले. दिवसभर दुसऱ्यांची दारं वाजवणाऱ्यांचं दार कधी कोणी वाजवत नाही. थोरल्यानं टाय सरळ केला आणि उघडलं.

बाहेर शेजारच्या खोलीतल्या ताई उभ्या होत्या. अर्धे केस बांधलेले, अर्धे तसेच, गाऊनच्या खिशातून थर्मामीटर डोकावतोय आणि खांद्यावर त्यांचं बाळ. या बाळाचं खरं नाव कागदोपत्री काहीतरी भारदस्त होतं, पण सगळी इमारत त्याला 'भोंगा' म्हणायची, आणि का म्हणायची ते आत्ता जिन्याच्या वरपासून खालपर्यंत ऐकू येत होतं.

"वाचायचं का बंद केलंत?" ताईंनी भोंग्याच्या वरताण आवाज काढून विचारलं.

"तुम्हाला त्रास होत असेल तर माफ करा," थोरला घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"त्रास? अहो, बंद केलंत त्याचा त्रास! माझी खाट या भिंतीला लागून आहे. रोज सकाळी तुमचं सुरू झालं की हा झोपायचा. तेवढ्यात माझी अंघोळ व्हायची. काल अंघोळ नाही, आज नाही. मी काय करू?"

थोरल्याचा चेहरा उजळला. "ताई, या वचनांमध्ये शांती आहे हे मला माहीत..."

"तुमचं नाही हो. तुमचं भाषण असतं, त्यानं तो दचकतो. यांचं." त्यांनी धाकट्याकडे हनुवटी केली. "यांच्या आवाजात कसं, काहीच नसतं."

यावर आभार मानावेत की नाहीत, हे धाकट्याला कळेना.

ताईंचं लक्ष दोघांच्या छातीवरच्या पट्ट्यांकडे गेलं. "आडनाव एकच दिसतंय. भाऊ का?"

"नाही, एल्डर म्हणजे ज्येष्ठ," थोरला म्हणाला.

ताईंनी एकदा थोरल्याच्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, लहान मुलानं मी राजा आहे म्हटल्यावर म्हणतात तसं. "मग ज्येष्ठांनी जरा आमच्याकडे येऊन वाचावं. दात येतायत त्याला. आता भिंतीतून भागायचं नाही."

पण घोळ असा, की प्रचारकांना नियम फार. सदैव दोघांनी बरोबर राहायचं, एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, आणि एकट्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही. ताईंचे यजमान परगावी पुलाच्या कामावर.

"घरात दुसरा पुरुष असल्याशिवाय आम्हाला आत येता येत नाही," थोरल्यानं सांगितलं.

"हा काय पुरुष," ताईंनी भोंग्याला पुढे केलं.

"प्रौढ लागतो."

"मग मला अंघोळ कधी मिळणार, हा प्रौढ झाल्यावर?"

शेवटी तोडगा निघाला. ताईंचं दार सताड उघडं. आत उंबऱ्यापाशी भोंग्याची बाबागाडी, बाहेर जिन्याच्या पायरीवर धाकटा ग्रंथ घेऊन, आणि त्याच्या वरच्या पायरीवर थोरला, पहाऱ्याला. मधल्या मोकळ्या जागेतून दूधवाला, कामावर जाणारी माणसं, सगळी यांना ओलांडून जायची. खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज विचारायचे, "लिफ्ट बंद आहे का?" त्या इमारतीला लिफ्ट नव्हतीच.

ताईंच्या अटी स्पष्ट होत्या. "धर्माचं मला काही सांगायचं नाही. समजावून तर अजिबात नाही. फक्त वाचायचं. चहा घेणार?"

"आम्ही चहा घेत नाही. आमच्या पंथात चालत नाही."

"कॉफी?"

"तीही नाही."

"मग तुम्ही सकाळी उठता कसे?" ताईंना हे ग्रंथातल्या कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटलं.

धाकटा वाचू लागला. भोंग्यानं आधी हात उगारले, मग जांभई दिली, मग मूठ तोंडात घातली, आणि पान उलटायच्या आत गाढ झोपला. ताई मात्र अंघोळीला गेल्या नाहीत. आधी त्यांनी त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. मग खिशातला थर्मामीटर काढला, मनाशी काहीतरी ठरवून परत ठेवला. रडला की जीव नकोसा आणि झोपला की जीव टांगणीला, असं त्यांचं चाललेलं. बाळ सांभाळण्यावर छापलेलं सगळं वाचून काढलेली बाई ती, त्यामुळे काय काय होऊ शकतं हे त्यांना इतर आयांपेक्षा जास्त माहीत. "इतका शांत कसा?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आता थांबू का?" धाकट्यानं तशाच कुजबुजीत विचारलं.

"थांबू नका! मी अंघोळ करून येते. नजर ठेवा."

धाकटा एक डोळा पानावर आणि एक भोंग्यावर ठेवून वाचत राहिला. ग्रंथाचा कुणाला इतका रोकडा उपयोग होताना त्यानं प्रथमच पाहिला होता.

पण लवकरच कळलं, की सगळंच वाचून चालत नाही. एका अध्यायात एक सेनापती रागानं अंगरखा फाडून त्याचा झेंडा करतो. तिथे थोरल्याला राहवलं नाही, त्यानं मागून टाळी वाजवली. भोंगा उठला आणि दुपारपर्यंत झोपला नाही. ताईंनी दोघांकडे असं काही पाहिलं, की दुसऱ्या दिवसापासून थोरला हाताची घडी घालून बसू लागला.

"उद्यापासून जरा कंटाळवाणं काहीतरी आणत जा," ताई म्हणाल्या. "तुमच्यात असेलच की."

म्हणून धाकटा पहाटे थोरल्याच्या आधी उठू लागला. आईनं बाळाला भरवण्याआधी घास स्वतः चाखून बघावा, तसा तो अध्याय आधी चाखायचा. यात कोणी ओरडत नाही ना? भूकंप नाही ना? कोणी अचानक पाया पडून रडत नाही ना? लढाया बाद. वादळं बाद. वंशावळी उत्तम, पण त्या संपल्या. मग लांबलचक उपदेश, तेही संपत आले. आणि गंमत अशी, की कंटाळवाणं शोधायचं तर ओळ न् ओळ नीट वाचावी लागते. जन्मभर ज्या पानांवरून त्याचे डोळे घसरत गेले होते, तिथे आता तो थांबून थांबून बघत होता, इथे काही जागं करणारं लपलंय का म्हणून. आणि ते लपलेलं असायचं.

एके दिवशी त्याला वाटलं, आज बरोबर सापडलं. एक कुटुंब घर सोडून रानावनातून चाललंय. चालतायत, थांबतायत, पुन्हा चालतायत. झोपेला यापेक्षा चांगलं काय?

जिन्यावर तो वाचू लागला. भोंग्याच्या पापण्या जड झाल्या. एवढ्यात त्या कुटुंबातल्या मुलाचं धनुष्य मोडलं. चांगलं, पोलादी. आता शिकार नाही. सगळे उपाशी. भाऊ कुरकुरायला लागले, आणि ज्याच्या भरवशावर सगळे निघाले होते तो म्हातारा बापसुद्धा देवाविरुद्ध कुरकुरला. धाकटा थांबला. हे त्यानं किती वेळा वाचलं होतं, पण बापसुद्धा कुरकुरला हे जणू कालपर्यंत त्या पानावर नव्हतं.

"थांबलात का?" ताई आतून म्हणाल्या. त्या डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात आल्या होत्या. "मग जेवायला काय केलं त्यांनी?"

"त्यानं लाकडाचं नवीन धनुष्य केलं."

"आणि?"

"आणि बापाकडे गेला. त्याच बापाकडे. म्हणाला, सांगा, शिकारीला कुठे जाऊ?" धाकट्याचा आवाज चढला होता. "म्हणजे बघा ना ताई, त्यालाही माहीत नव्हतं! तो असं नाही म्हणाला, की मला माहीत आहे. धनुष्य तयार केलं आणि विचारायला गेला!"

भोंग्यानं डोळे उघडले, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि असा सूर लावला, की खालच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, "आग लागली का?"

"समजावून सांगायचं नाही असं ठरलं होतं," ताई म्हणाल्या. पण त्यांनी टॉवेल सोडता सोडता पुन्हा विचारलं, "मिळाली का शिकार?"

"मिळाली."

"हं," ताई म्हणाल्या आणि भोंग्याला उचलून आत गेल्या.

त्यानंतरची पहाट. थोरला घोरत होता. धाकट्यानं गॅसवर अंडी उकडायला ठेवली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून त्या दिवसाची सोय बघू लागला. एक जागा त्याला आठवत होती, सगळ्यात रटाळ. तिथे काही घडतच नाही. ग्रंथ बापाकडून मुलाकडे, भावाकडून भावाकडे जातो. प्रत्येक जण दोन ओळी लिहितो आणि पुढच्याच्या हातात देतो. त्यातला एक तर जवळजवळ काहीच लिहीत नाही. त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही. भावाकडून आलं, सांभाळलं, पुढे दिलं. संपला.

धाकट्याला आधी हसू आलं. अगदी आपल्यासारखाच बापुडा, दारात उभं करून बोल म्हटल्यावर ततपप करणारा. मग हसू थांबलं. हा माणूस गप्प बसून टाकून देऊ शकला असता. त्यानं टाकलं नाही. काही न कळता जपलं, म्हणून तर ते इथवर आलं, या ओट्यापर्यंत. धाकटा तिथेच गुडघ्यांवर बसला. रोजची प्रार्थना तो करायचा, पण तिच्यातले शब्द ठरलेले असायचे. आज त्यानं एवढंच विचारलं, "मी कुठे जाऊ?"

कोणी हाक मारली नाही, उजेडबिजेड पडला नाही. फक्त आतली नेहमीची घरघर थांबल्यासारखी झाली. फ्रीजची मोटर बंद पडली की कळतं, इतका वेळ ती चालू होती, तसं. तो किती वेळ बसला कोण जाणे. पातेल्यातलं पाणी आटलं, अंडी फुटली आणि धुरानं थोरला खोकत आला.

"मला माहीत होतं," थोरला खिडकी उघडत म्हणाला, "आज काहीतरी जळणार!" मग त्याचं लक्ष धाकट्याकडे गेलं. "रडतोयस कशाला? दोनच तर अंडी होती."

त्या सकाळी धाकट्यानं ती रटाळ पानं वाचली. वाचली म्हणजे काय, त्या न बोलणाऱ्या माणसाच्या ओळीपाशी त्याचा आवाज असा काही ओला झाला, की भोंगा बाबागाडीत ताठ उठून बसला आणि टाळ्या पिटायला लागला. रडला नाही. झोपलाही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ताईंनी हात टेकले.

"तुम्हाला झालंय काय?" त्या तेल न लागलेल्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "आधी किती छान वाचायचात. काही वाटत नसल्यासारखं!"

"प्रयत्न करतो, ताई. पण आता जमत नाही."

"असं कसं जमत नाही? बिघडलंय काहीतरी तुमचं. द्या इकडे ते पुस्तक. मीच वाचते. मला तर काही वाटत नाही ना, मग झालं." त्यांनी हात पुढे केला. "फक्त कंटाळवाणं कुठलं तेवढं दाखवून ठेवा."

वरच्या पायरीवरून थोरला पुढे सरसावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी आपणहून ग्रंथ मागितला होता. त्यानं धाकट्याला कोपरानं ढोसलं, दे, दे लवकर.

धाकट्यानं ग्रंथ उघडला. इथलं पान पाहिलं, तिथलं पाहिलं. वंशावळींपाशी गेला, तिथे ती सांभाळून ठेवणारी माणसं होती. रानातल्या चालण्यापाशी गेला, तिथे ते लाकडी धनुष्य होतं. लढायांकडे तर बघायलाच नको. तो पुढे मागे चाळत राहिला. ताईंचा हात तसाच पुढे, भोंगा स्वतःचा मोजा चघळतोय, दूधवाला कॅन घेऊन पायरीवर खोळंबलाय.

"अहो, एकच दाखवा," ताई म्हणाल्या.

"ताई," धाकटा म्हणाला, "मला तसं एकही सापडत नाहीये."

ते म्हटलं आणि तोच चपापला. थोरला आ वासून त्याच्याकडे बघत राहिला.

"मग मी बघते शोधून," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं. "झोपेपुरतंच हं. उगाच काही समजू नका." दार बंद झालं. थोड्या वेळानं आतून त्यांचा सपाट, घाईघाईचा आवाज ऐकू आला, आणि मग भोंग्याचा आवाज थांबला. आणि मग, तो गाढ झोपल्याची खात्री झाली असेल तेव्हा, ताईंचाही. पण थोड्या वेळानं पान उलटल्याचा आवाज आला. बाळ झोपलेलं असताना.

"ऐकलंस?" थोरला कुजबुजला. "त्या विश्वास ठेवणार. मला माहीत..." मग त्यानं स्वतःला आवरलं. "शक्यता आहे," तो म्हणाला.

अध्यक्ष आले. धाकट्याला आत बोलावलं, दाढांकडे बघितलं आणि विचारलं, "हं. तेच उत्तर?"

"सर, बाळ झोपत नाही."

"कोणाचं बाळ?" अध्यक्ष घाबरून पुढे झुकले. प्रचारकाच्या तोंडून ऐकायला फारसं बरं नसलेलं वाक्य होतं ते.

धाकट्यानं सगळं सांगितलं. भिंत, जिना, सेनापतीचा अंगरखा, उकळून फुटलेली अंडी. "माहीत आहे असं मला अजून म्हणता येत नाही, सर. पण आता काही न वाटता वाचताही येत नाही. ताईंनी काढून टाकलं मला."

अध्यक्षांना हसू आवरेना. ते हसले तेव्हा धाकट्यानं पाहिलं, की दातांच्या डॉक्टरांचाही एक दात सोन्याचा होता. "तिकीट काढू?" त्यांनी विचारलं.

"नको. ग्रंथ हवाय एक. माझा ताईंकडे आहे."

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी घरी फोन करायची मुभा असते. पडद्यावर आधी आई आली. मोजे जागेवर आहेत का, जेवतोस का, रडू येतं का, सगळं विचारून झालं. मग तिनं फोन बाबांच्या हातात दिला. बाबांना पडद्यात कुठे बघायचं ते कधीच कळत नसे, त्यामुळे धाकट्याला अर्धं कपाळ आणि एक कान दिसला. मागे कोणाचा तरी फ्रीज उघडा पडला होता.

"काय रे," कान म्हणाला. "बर्फ धरला का?"

धाकट्यानं थोडा विचार केला. "कडेकडेनं धरायला लागलाय, बाबा."

आई मागून काय म्हणतोय, काय म्हणतोय विचारत होती.

"मग सारखं दार उघडून बघू नकोस," बाबा म्हणाले. "चालू राहू दे."

एवढ्यात भिंतीपलीकडून भोंगा सुरू झाला. बाबांनी दचकून फोन कानापासून लांब धरला. "हे काय वाजतंय?"

"शेजारचं बाळ," धाकटा म्हणाला. भिंतीवर थापा पडू लागल्या होत्या, आणि ताईंचा आवाज येत होता, "अहो ज्येष्ठ! अहो, त्या धनुष्यवाल्यांचं पुढे काय झालं ते पान फाडलंय यानं! या बघू बाहेर!"

"बाबा, ठेवतो," धाकटा म्हणाला आणि थोरल्याला हाक मारत पायात बूट सरकवायला लागला. मोज्यांपैकी एक उलटा होता. लाल दोरा बाहेर आला होता.